‘विसर आता’ म्हणण्याआधी
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. भूकंप किल्लारीचा, पण हादरा परभणीलाही बसला. तिकडं कित्येक महिने माणसं घरात झोपायला धजत नव्हती. संकट टळलं तरी मन सावधच राहतं. डॉक्टर याला आघातोत्तर ताण म्हणतात.

कर्त्या माणसानं जीव दिलेल्या घरातही हाच ताण शिरतो. तिथल्या बाईला तो दिवस नुसता आठवत नाही, डोळ्यापुढं पुन्हा घडतो. दारात मोटारसायकल थांबली की छाती धडधडते. झोप नाही, शेताकडं पाय वळत नाही, लेकरांवर उगाच चिडचिड. त्यात शासनाची एक लाखाची मदत, तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेवीत. तेवढ्यासाठी पोलीस, तलाठी, तहसील, सगळ्यांपुढं तेच परत सांगायचं. ‘मी माहेरी गेले नसते तर’ हा एकच विचार रात्रभर घोळतो, अन् हळूहळू ‘मी सगळ्यांना भार’ असं वाटू लागतं. खरा धोका इथं आहे. बहुतेक बाया यातून सावरतात, पण सगळ्याच नाही.

माझ्याच गटातली एक बाई तीन बैठका आली नाही. आम्ही दंड लावला. ‘विसर आता, लेकरांकडं बघ’, असं मीच तिला बोलले. चुकलंच माझं. पुढं तिनं कर्जाचे हप्ते एकदम फेडले, पासबुक जावेकडं दिलं. आम्ही म्हणालो, किती व्यवहारी! जावेला मात्र शंका आली. तिनं सरळ विचारलं, “जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का गं?” ती रडली, हो म्हणाली. दोघी दुसऱ्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात गेल्या. गोळ्या अन् समुपदेशन, दोन्ही चालू आहे.

असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. प्रेरणा प्रकल्पाबद्दल आशाताईंना विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा फोन रात्रंदिवस चालतो, फुकट, मराठीतून. पोलीस केसच्या भीतीनं दडवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या घरी.

तिचा दंड आम्ही परत केला. आता तुमचं हजेरी रजिस्टर उघडा अन् सलग दोन बैठका कोण आलं नाही ते बघा. आज संध्याकाळी तिच्या घरी कोण जाणार, ते इथंच ठरवू.