फावड्याची पारख

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, वीजबिल झाले, कर्ज झाले. आता फावड्यावर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते आम्ही ऐकले. खुशाल हसा. पण एक सांगा. बैल घेताना आपण दात मोजतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो, अंगावरचा भोवरा कुठे आहे तेही पाहतो. बियाण्याच्या एका पिशवीसाठी चार गावे पालथी घालतो. आणि फावडे? बाजाराचा दिवस, एसटीला दहा मिनिटे उरलेली, दुकानासमोर फावड्यांची चळत. आपण म्हणतो, "ते हिरवे द्या." हिरवे का, तर मागचे लाल होते आणि ते मोडले.

कोरडवाहूवाल्याच्या हातात फावडे रोज नसते. बागायतदाराला पाण्याच्या पाळीला रोज लागते. आपल्याला उन्हाळ्यात शेणखत भरायला, मृगाआधी बांध सावरायला, आणि मग जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री. महिनाभर डोळे लावलेला पाऊस एका रात्रीत कोसळतो, खालच्या तासांत पाणी तुंबते. काळ्या जमिनीत पाणी उभे राहिले की कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही आणि पाती-फुलावर आलेले झाड दोन-तीन दिवसांत मान टाकते. त्या रात्री बांध फोडून पाणी काढायला माणूस बॅटरी घेऊन जातो, आणि तिसऱ्या घावाला दांडा हातात, पाते चिखलात. वर्षभर कोपऱ्यात उभे असलेल्या फावड्याची परीक्षा त्या एका रात्री असते, आणि नापास झाले तर फी आपण भरतो.

तेव्हा पहिली गोष्ट. कुणी फावडे म्हणते, कुणी पावडे, कुणी खोरे. नाव काही घ्या, ते ओढायचे हत्यार आहे, फोडायचे नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगड असते आणि पावसात डिंक. दगड फोडायला टिकाव आहे, कुदळ आहे. भेगाळलेल्या जमिनीत फावडे हाणायचे आणि पाते वाकले की दुकानदाराला शिव्या द्यायच्या, हा न्याय नव्हे. मुरमाड, चुनखडीच्या जमिनीला जाड आणि अरुंद पात्याचे घ्यावे. चिकट काळ्या मातीला पाते गुळगुळीत हवे. नव्या पात्यावरचा रंग चिखल धरून ठेवतो. तो विटकरीने घासून काढला की माती सुटायला लागते. रंग हा गिऱ्हाइकासाठी असतो, मातीसाठी नसतो. शिवाय त्या रंगाखाली काय झाकले आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसते.

म्हणून दुकानात थोडे निर्लज्ज व्हावे. दांडा बसतो त्या भोकात बोट घालून पाते लोंबते धरा आणि किल्लीने किंवा दगडाने वाजवा. अखंड पोलाद ठणकते आणि आवाज लांबतो. तडा असेल तर थद्द वाजून गप्प होते. मडके घेताना आपल्या आया हेच करतात, त्यांना कुणी शिकवले नव्हते. मग पाते जमिनीला टेकवून गुडघ्याने दाब द्या. किंचित लवून परत सरळ झाले तर ठीक. लवले ते लवलेलेच राहिले तर तो पत्रा आहे, फावडे नाही. कानस असेल तर धारेवर एक हात फिरवा: लोण्यासारखी रुतली तर धार मऊ, पहिल्याच पावसाळ्यात बोथट होणार. सगळ्यात जास्त पाहायची ती जागा म्हणजे पाते आणि दांड्याचे भोक यांचा सांधा. घडीव फावड्यात दोन्ही एकाच लोखंडाचे असतात. स्वस्तात ते वेल्डिंगने चिकटवलेले असते, आणि तुटते ते तिथेच. भारतीय मानक ब्यूरोचे फावड्यासाठी १७५९ क्रमांकाचे मानक आहे. ठसा आहे का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. दुकानदार आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. बाजार समितीत व्यापारी आपल्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालची बोंडे वर काढतो तेव्हा त्याला लाज वाटते का?

आता पात्याचा आकार. मोठे पाते म्हणजे जास्त काम, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत टेलर नावाचा एक इंजिनियर होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्याने खोऱ्याने माल ओढणाऱ्या मजुरांची मोजणी केली. तोच मजूर त्याच खोऱ्याने बारीक कोळसा उचलताना साडेतीन पौंड उचलत होता आणि कच्चे लोखंड उचलताना ३८ पौंड. एकात खोरे हलके जात होते, दुसऱ्यात कंबर जात होती. दर खेपेला २१ पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेनऊ किलो, वजन आले तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते, असा हिशेब त्याने काढला. मग हलक्या मालाला मोठे खोरे आणि जड मालाला लहान, अशी वेगवेगळी खोरी कारखान्याने दिली. (त्यानंतर चारशे ते सहाशे माणसांचे काम १४० माणसांत होऊ लागले, ही गोष्ट मालकाला जास्त आवडली असणार.) तो आकडा धिप्पाड कामगारांचा आणि त्यांच्या लांब दांड्याच्या खोऱ्याचा आहे, आपल्या वाकून ओढायच्या फावड्याचा नाही. पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. वाळल्या शेणखताला रुंद पाते चालते. ओल्या काळ्या मातीला तेच पाते लावले तर संध्याकाळी पाठ बोलते.

आणि पाठ कुणाची? १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनाला हजारोंनी बायका आल्या आणि शेतीतले आपले कष्ट कोणत्या हिशेबात धरले जातात, असे विचारून गेल्या. फावड्याच्या दुकानापर्यंत तो प्रश्न अजून पोचलेला नाही. घरात फावडे एकच, ते गड्याच्या मापाचे, आणि उकिरड्यावर खत ओढते घरधनीण. जाड दांडा तिच्या मुठीत मावत नाही, म्हणून ती दुप्पट जोराने आवळते आणि हाताला फोड येतात. वापरणाऱ्या माणसाने फावडे उचलून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. तिला दुकानात न्या. बाईमाणूस बाजारात फावडे हाताळते म्हणून लोक हसतील, अशी काहींना भीती वाटते. तिने तेच फावडे दिवसभर चालवले तेव्हा कुणी हसले नव्हते.

दांडा बाभळीचा, धावड्याचा किंवा तिवसाचा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात, मध्ये गाठ नको. गाठीवर तो मोडतोच. फावडे उभे केले तर दांडा कमरेच्या वर यावा. आखूड दांडा स्वस्त पडतो, पण त्याची उरलेली किंमत कंबर भरते. ढिला झाला की आपण तो रात्रभर हौदात बुडवून ठेवतो. लाकूड फुगते, सकाळी घट्ट लागतो, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त खुळखुळतो. त्यापेक्षा पाचर मारा. सरकारी कामात पाचर कशी मारतात ते आपण इतकी वर्षे पाहतोच आहोत, एवढे तरी शिकलो असू.

किमतीचे बोलू. समजा एक फावडे २५० रुपयांचे आणि एक हंगाम टिकते, दुसरे ४०० चे आणि चार हंगाम टिकते. स्वस्त कोणते? २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीची ३,६९९ जाहीर झाली. म्हणजे ४०० चे फावडे जवळजवळ पाच किलो कापसाचे, किंवा अकरा किलो ज्वारीचे. तोही जाहीर भाव हातात पडला तर. नाही पडला तर तेच फावडे सहा किलोंचे होते, आणि फावडेवाल्याने भाव वाढवलेला नसतो. पावती घ्या, जपून ठेवा. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्चात अवजारांची झीज धरतो. आपल्याच वहीत ती नसेल तर तोटासुद्धा नफ्यासारखा दिसतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून शेतीच्या हातअवजारांवर कर शून्य आहे. बिलात दिसला तर जाब विचारा. ज्या पोलादाचे फावडे होते त्या पोलादावर मात्र तो आहे. म्हणजे दारावर पाटी "प्रवेश मोफत", आणि चपला ठेवायचे पैसे.

कुणी म्हणेल, मजबूत हत्यार कुठले ते सांगा. भूमिपूजनाची कुदळ. चकचकीत, रिबीन बांधलेली, शंभर गावांत चालली तरी धार जशीच्या तशी. ती आपल्याला मिळायची नाही, कारण तिला मातीची सवय नाही.

गावात लोहार भट्टी पेटवत असेल तर त्याच्याकडे जा. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद चांगले असते, आणि धार बसली तर तोच ती परत काढून पाणी देतो. बलुते होते तेव्हा लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचे आणि फावडे बिघडले तर तो समोर सापडायचा. आता रंगीत फावड्याचा लोहार कुठल्या गावचा, ते चिठ्ठीवर वाचता येत नाही.

काम झाले की माती खरवडून, पात्याला आणि दांड्याला जवसाच्या तेलाचा हात फिरवून आडोशाला ठेवा. दांड्यावर तापल्या सळईने नाव डागा. उसने नेणारा शेजारी दांडा मोडून परत आणतो आणि म्हणतो, आधीपासूनच तसा होता. नाव डागलेला तुकडा निदान दाखवता येतो.