खेळणी कपाटात, मूल अंगणात

(खापर, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार येथे अंगणवाडीताई व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभा सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, आमच्या पोराला खेळायला शिकवावे लागत नाही. तो दिवसभर खेळतोच. त्याला शिकायला कसे लावायचे, तेवढे सांगा." मी मुलांचे शिक्षण आणि खेळणी या विषयावर बोलण्यासाठी काही टिपणे करून आणली होती. ती मी बाजूला ठेवली आहेत. या गृहस्थांचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि आज मी जे काही बोलणार आहे ते त्या प्रश्नाचेच उत्तर समजावे.

काही महिन्यांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका अंगणवाडीत जाण्याचा योग आला. गावाचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. खोलीत एक लोखंडी कपाट होते, त्याला कुलूप होते आणि कपाटात शासनाकडून आलेला खेळण्यांचा संच प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट जसाच्या तसा ठेवलेला होता. मी ताईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, "मोडले, हरवले तर भरून कोण देणार? तपासणीला येणारे साहेब नग मोजतात, मुले मोजत नाहीत." बाहेर ओट्यावर तीन मुले ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करीत बसली होती. सालीच्या काड्या ताटाच्या मऊ गाभ्यात टोचून त्यांनी जू केले, साटी केली. चाके मात्र जमेनात. एकाने गाभ्याची चकती कापली, ती फिरेना. दुसऱ्याने बाटलीचे झाकण आणले. ते आसावर बसेना म्हणून त्याला दगडावर ठेवून खिळ्याने भोक पाडले. तिसरा, सर्वांत लहान, तोवर दोन चिंचोके बैल म्हणून हाकत होता आणि त्यांना घरच्या बोलीत शिव्याही देत होता.

आता सांगा, यांपैकी कोणते मूल शिकत नव्हते? भोक मधोमध पडले नाही तर चाक लंगडते, ही गोष्ट त्या मुलाला कोणी फळ्यावर लिहून दाखविली नव्हती. चूक त्याच्या हातात होती, आणि चुकीची दुरुस्तीही त्याच्याच हातात होती. शिकणे म्हणतात ते याहून निराळे काही आहे असे निदान मला तरी वाटत नाही.

त्या सर्वांत लहान मुलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चिंचोका बैल नाही हे त्याला पुरते ठाऊक आहे. तरीही तो चिंचोक्याला बैल मानतो. लेव्ह व्हिगोत्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने 1933 साली दिलेल्या व्याख्यानात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. काठी घोडा होते तेव्हा बालकाच्या मनात वस्तू आणि तिचा अर्थ प्रथमच एकमेकांपासून सुटे होतात. पुढे हेच मूल शाळेत जाईल आणि पाटीवरच्या एका वाकड्या रेघेला 'ग' मानायला त्याला सांगितले जाईल. ती रेघ म्हणजे ध्वनी नव्हे. तिला ध्वनी मानायचे असते. ज्याने चिंचोक्याचे बैल हाकले आहेत, त्याच्या मनाने ही उडी आधीच मारलेली असते. व्हिगोत्स्कींचा दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे: खेळात मूल स्वतःला आवरायला शिकते. भातुकलीत 'आई' झालेली मुलगी, भूक लागलेली असतानाही, खोट्या भाकरी आधी 'मुलांना' वाढते. कोणी दरडावून सांगितले तर ती पाच मिनिटेही स्वस्थ बसणार नाही. खेळाचा नियम मात्र ती आपण होऊन पाळते.

चिंचोक्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक बोलते. मूठभर चिंचोके घेऊन एकी-बेकी खेळणारे मूल सम-विषम हे शब्द न ऐकता सम-विषम जाणते. चिंचोके दगडावर घासून त्यांच्या फाका केल्या, चार फाका उडवल्या आणि पांढऱ्या बाजू किती वर पडल्या हे पाहून चिरे-सोंगट्या पुढे सरकवल्या, की तीन हा आकडा एक-दोन-तीन असे न मोजता डोळ्यांना एकदम दिसू लागतो. चारही उलट्या पडल्या तर आठ. म्हणजे काहीच पांढरे नसतानाही मोठे दान पडते, आणि ते का हे विचारणारे मूल भेटतेच. अंकज्ञानाची ही पायाभरणी बिनखर्चाची आहे. असे असताना चार वर्षांच्या मुलाकडून शंभरपर्यंतचे आकडे घोकून घेणाऱ्या वर्गाला आपण फी मोजतो, आणि हा सौदा आपल्याला फायद्याचा वाटतो.

हा विचार आजचा नाही, आणि सत्ताधाऱ्यांना तो नेहमी निरुपद्रवी वाटला आहे असेही नाही. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांसाठी खेळातून शिक्षणाचे केंद्र काढले. लाकडी चेंडू, घन, दंडगोल अशी साधने बनविली आणि पुढे त्या संस्थेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. 1851 साली प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. कारण काय, तर त्यांतून नास्तिकता आणि समाजवाद पसरतो! फ्रोबेल यांचा एक पुतण्या जहाल मतांचा होता. सरकारने पुतण्या आणि काका यांची गल्लत केली असे इतिहासकार सांगतात. बंदी उठली 1860 साली. फ्रोबेल त्याआधीच, 1852 मध्ये, निवर्तले होते. आपल्याकडे असली बंदी कोणी घालीत नाही. कपाटाला कुलूप लावले की काम भागते.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली पहिले बालगृह काढले ते रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. गंमत अशी की तीच पद्धत जगभर हिंडून आपल्या शहरांत पोचली तेव्हा ती श्रीमंतांच्या मुलांची पद्धत झाली होती, कारण तिची घोटीव, मापात बसवलेली साधने महाग होती. ही कोंडी फोडली ती महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांनी, आणि हा इतिहास इथे खापरला सांगताना मला विशेष समाधान वाटते, कारण तो घडला आदिवासींच्या अंगणात.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करीत होत्या. दोघांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालमंदिर उघडले, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. का येईनात, याचे उत्तर त्यांनी पालकांच्या अज्ञानात शोधले नाही. मुले येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असे ठरवून त्या वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. मुलांना न्हाऊ घालावे, गाणी म्हणावीत, आणि माँटेसरी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, काड्या, पाने-फुले मांडावीत. लहान-मोठे लावणे, रंग जुळवणे, वजनाचा अंदाज घेणे, हे सारे त्या फुकटच्या साधनांतून साधते हे त्यांनी दाखवून दिले. या शाळेचे नाव अंगणवाडी. पुढे 1957 पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात नेली; तिला नाव मिळाले कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला अंगणवाडी म्हटले गेले. शब्द दिल्लीपर्यंत पोचला. मात्र त्या शब्दातले अंगण वाटेत कुठेतरी गळाले. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे. व्यवहारात आहार, वजन, लसीकरण आणि नोंदी यांतून उरलेल्या वेळात ती बसवायची असते, आणि वेळ उरत नाही.

"पोट रिकामे असताना खेळण्यांचे काय घेऊन बसलात?" असे मला कोणी विचारील. कुपोषणाच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव वारंवार येते, तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. जमैका देशाच्या किंग्स्टन शहरात 1986 च्या सुमारास गरीब वस्त्यांतली 129 खुरटलेली बालके निवडून एक प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला तासभर जाई आणि घरगुती वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, काय बोलावे, हे आईला दाखवी. पुढच्या खेपेला जुनी खेळणी नेऊन दुसरी देई. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यांपैकी काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढले तेव्हा, ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा 25 टक्क्यांनी अधिक आढळली. 2014 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याचा अर्थ आहार नको असा कोणी काढू नये. आहार हा बालकाचा हक्क आहे आणि त्यात कपात करणाऱ्याला माफी नाही. पण वाटीभर खिचडी देऊन मुलाची जबाबदारी संपली, असे मात्र या अभ्यासानंतर म्हणता येत नाही.

जमैकाच्या प्रयोगात खेळण्यापेक्षाही मोलाचे काय होते, हे ध्यानात घ्या. खेळणे साधेच होते. त्याच्यासोबत एक मोठे माणूस होते, जे बाळाशी बोलत होते, त्याच्या बोलण्याची वाट पाहत होते. आपल्या मुलांजवळ काय कमी आहे ते यावरून कळते. माती आहे, काड्या आहेत, मोहाची फुले आहेत, आंब्याच्या कोयी आहेत. नाही तो मोठ्या माणसाचा निवांत वेळ. दिवाळी झाली की इथली कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि मूल फडाच्या कडेला, पाचटाच्या ढिगाजवळ बसते. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. खेळणाऱ्या मुलांकडे ती कशी पाहते, ते एकदा निरखून पाहा. तिचे खेळणे कोणी हिसकावून घेतलेले नाही. तिचे हात तेवढे गुंतवून ठेवलेले आहेत. घरात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला येणारा खेळ सारखा नसतो, हे आपल्यातल्या आयांना मी सांगायला नको.

भाषेचे दुखणे याहून वेगळे. घरी देहवाली किंवा मावची, बाजारात अहिराणी आणि गुजराती, वर्गात प्रमाण मराठी, आणि आता तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी कवितेवर हातवारे. त्या ओट्यावरच्या मुलाने बैलांना घरच्या बोलीत हाकले, म्हणूनच त्याचा खेळ इतका रंगला. खेळ हा परक्या भाषेत सुरूच होत नाही. ज्या ताईंना मुलांची बोली येते त्यांनी ती वर्गात लपवू नये. नर्मदेच्या काठावर, याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, धरणग्रस्तांच्या आंदोलनाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जीवनशाळा काढल्या तेव्हा त्यांनी बोलीपासूनच सुरुवात केली होती.

कायद्याचे म्हणाल तर, मुलाला खेळण्याचा हक्क आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे 31 वे कलम सांगते, आणि भारताने ती संहिता 1992 साली स्वीकारली. मात्र 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो 6 ते 14 या वयाला. सहा वर्षांखालील मुलांबाबत राज्य 'प्रयत्न करील' एवढेच शब्द आले, आणि 2009 च्या कायद्यानेही सरकार व्यवस्था करू शकेल, इतपतच म्हटले. ज्याला पैसा आहे तो मुलाला विकत घेतलेल्या बालवाडीत घालतो. ज्याला नाही त्याच्या मुलासाठी एक क्रियापद आहे. 2020 चे शैक्षणिक धोरण आले, त्याने 3 ते 8 हा पायाभूत टप्पा मानला. 2023 साली बाहुल्या, कोडी, गोष्टींची चित्रे असलेला 'जादुई पिटारा' दिल्लीत थाटात प्रसिद्ध झाला. पिटारा चांगला आहे. मी त्याची निंदा करणार नाही. परंतु जी ताई तो उघडणार, तिला आजही पगार नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला 2022 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मोडलेल्या बाहुलीची किंमत आपल्या मानधनातून जाईल, ही भीती जिला आहे ती कपाट उघडणार नाही, आणि तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पालकांना माझे सांगणे एवढेच, की मुलाला खेळातून उठवून शिकायला बसवू नका, त्याच्याजवळ बसा. ते काय करीत आहे ते त्यालाच विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबण्याची घाई नको. माती मळणारी, बी निवडणारी, दोरा ओवणारी बोटे पुढे अक्षरही वळवतात.

आणि एक काम सर्वांचे आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत आणि ग्रामपंचायतीला पाच टक्के अबंध निधी मिळतो. शिक्षणासाठी तो खर्च करता येतो. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, अंगणवाडीपुढची जागा सपाट करून तिथे सावलीचा मांडव आणि वाळूचा हौद करावा. दुसरा, खेळताना मोडलेली खेळणी 'वापरात झिजली' अशी नोंद करून निर्लेखित करावीत आणि त्यांची वसुली ताईंकडून होऊ नये, अशी मागणी ग्रामसभेने प्रकल्प कार्यालयाकडे लेखी करावी. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे; सभा संपल्यावर ज्यांना हवा असेल त्यांनी तो उतरवून घ्यावा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी ही सभा व्हायला हवी, नाहीतर ज्यांच्या मुलांसाठी हा ठराव आहे तेच हात वर करायला गावात नसतील.