शनिवारचे आजोबा

शिरूर-दौंड भागातल्या बचत गटाच्या आम्ही बाया आज रोबोवर बोलणार आहोत. हसू नका! शेतातल्या मोटारीला आपण ऑटो बसवतो. रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, कुणाला विहिरीवर जावं लागत नाही. यंत्राला काहीतरी कळलं आणि त्यानं आपणहून काम केलं. रोबो हा त्याचाच पुढचा भाऊ.

आमच्या शाळेत अशा सामानाची पेटी आली होती. चाकं, छोट्या मोटारी, वायरी. पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. सर तरी काय करणार? त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मोडलं तर भरून कोण देणार? गटाच्या बैठकीत आमच्यातली एक म्हणाली, "आमचे मामंजी रेल्वेत वायरमन होते. आता घरी बसून कंटाळलेत." दौंड पडलं रेल्वेचं गाव, असे निवृत्त कारागीर तिथं बरेच. आम्ही गेलो विचारायला. ते म्हणाले, "मला कॉम्प्युटर येत नाही." आम्ही म्हटलं, "तो पोरांना येतो. तुम्हाला वायर येते ना?"

पहिल्याच शनिवारी पोरांची गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं पळायला लागली. आजोबांना चूक लगेच दिसली होती, पण ते हात मागे बांधून उभे राहिले. अर्धा तास! मुलं कॉम्प्युटरमध्येच डोकं घालून बसली. शेवटी आठवीतल्या एका मुलीनं मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि गाडी सरळ निघाली. वाटेत आम्ही विचारलं, "आधीच सांगायचं ना?" म्हणाले, "मग ते तिचं नसतं झालं."

ही रीत आपल्याच तालुक्यातली आहे बरं का. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर होते. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून ते आणि त्यांच्या पत्नी पाबळला राहायला आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. गावातली कामं करत करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. हायस्कूलच्या मुलांसाठी त्यांनी आठवड्यातून एक दिवस हातानं काम करायचा अभ्यासक्रम बसवला. त्यात वेल्डिंग आहे, शेती आहे, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणंही आहे. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाक. आम्हाला हे फार आवडलं. कलबाग 2003 साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं पाबळला फॅब लॅब सुरू झाली होती.

पाबळ कोरडवाहू. पाणी शोधायला आश्रमातली मुलं जमिनीत चार खुंट्या ठोकत, वीज सोडत आणि जमीन तिला किती अडवते ते मोजत. त्यावरून खाली पाणी असेल का, याचा अंदाज बांधत. आमच्या पोरांनी आता कुंडीत दोन खिळे खोचलेत. माती ओली असली की वीज सहज जाते, सुकली की अडते, आणि अडली की छोटा पंप सुरू होतो. युक्ती तीच! आजोबांना हे सांगितलं तर ते दिवसभर खूश होते.

अडचण वेगळीच निघाली. शनिवारी उशीर झाला की मुलींची घरून बोलावणी येत. म्हणून आता आमच्यातल्या दोघी पाळीपाळीनं शाळेत बसतात आणि मुलींना घरापर्यंत सोडतात. कुणाही एकट्या मोठ्या माणसाच्या भरवशावर पोरं ठेवायची नाहीत, हेही आम्ही ठरवलं. आजोबांनीच ते आधी सुचवलं.

वायरी बदलणारी ती मुलगी मात्र गेले दोन शनिवार आली नाही. घरी कांदा काढणी चालली आहे. तिची आई म्हणते, "गाडी खेळून पोट भरतं का?" तिचंही खोटं नाही. उद्या आम्ही चौघीजणी तिच्या शेतावर जाणार आहोत, विळे घेऊनच. दुपारपर्यंत कांदा आवरला तर पोरीला चार वाजता शाळेत नेता येईल.