साथीचा गूळ

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजून परतणारा माणूस लोणावळ्यात चिक्की घेतोच, आणि मागताना म्हणतो, ‘शेंगदाण्याची द्या’, ‘काजूची द्या’. गुळाचं नाव कुणी काढत नाही. पण पाक कच्चा राहिला तर चिक्की दाताला चिकटते, पुढं गेला तर कडू लागते. म्हणून कारागीर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघतो. तो कट्‌कन मोडला की मगच दाणे पडतात. जॅझ गायिकेला साथ करणारा गिटारवादक म्हणजे हा गूळ. गायिकेबरोबर त्याचंही नाव घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

अमान्सिओ डिसिल्व्हा हे नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मूळ गोव्याचा, 1936 साली मुंबईत जन्मलेला हा गिटारवादक. लंडनला जाऊन 1969 मध्ये त्यानं सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ ही तबकडी केली. तिच्यात नॉर्मा विन्स्टन शब्दांवाचून गाते. आपल्याच माणसाचं हे काम आपण विसरावं, हे बरं नव्हे. कुणी म्हणेल, ज्याला एकल वादन जमत नाही तो साथीला बसतो. मग गिटारवादक जो पास याचं काय? 1973 साली त्यानं एकट्या गिटारवर ‘व्हर्च्युओसो’ ही तबकडी वाजवली आणि त्याच वर्षी गायिका एला फिट्झजेराल्डच्या गळ्याला नुसत्या गिटारची साथ केली. हात तेच होते. दुसरा आक्षेप असा, की साथीदार तर गायकाच्या मागून जातो. आपला हार्मोनिअमवाला जातो, खरं आहे. पण जॅझमधला गिटारवादक स्वरमेळ आधी मांडतो आणि गायिका त्यावर पाऊल टाकते. तो चुकला तर तिचा बरोबर लागलेला सूरही चुकीचा वाटतो. म्हणून तो दोन-तीन तारांपुरतंच वाजवतो, तिची ओळ चालू असताना हात आवरतो, तिनं श्वास घेतला की तेवढी फट भरतो. पुन्हा सांगतो, गूळ दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. चिक्कीचं जुनं नाव गुडदाणी, त्यात गूळ आधी येतो!

एला आणि जो पास यांची ती तबकडी, ‘टेक लव्ह इझी’, मिळाली तर दोनदा ऐका. दुसऱ्या वेळी गळा सोडून द्या आणि फक्त तिच्या श्वासांच्या जागा ऐका.