बालमनाचा जीर्णोद्धार

॥ श्री ॥

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हणजे काय, हे आंबिवलीच्या ग्रामस्थांस वेगळे सांगण्याचे कारण नाही. भिंतीला तडा कोठे गेला ते पाहावयाचे, वासा कोठे किडला ते ठोकून बघावयाचे, पाया कोठे खचला ते उकरून काढावयाचे आणि मग जे चांगले आहे ते राखून बाकीचे नवे करावयाचे. देव तोच राहतो, घर नवे होते. या कामी ज्यांनी तन-मन-धन वेचले त्यांचे ऋण गाव विसरणार नाही. परंतु आजच्या मंगल प्रसंगी एक निराळा प्रश्न विचारावासा वाटतो. माणसाच्या मनाला लहानपणीच तडा गेला, तर त्याचा जीर्णोद्धार कसा करावयाचा? त्याला कोणता गवंडी बोलवावयाचा आणि कोणत्या खाणीचा दगड आणावयाचा?

घरातील कर्ता माणूस गेला की गावच्या दप्तरात वारसांची नोंद होते. गाव नमुना सहा-क मध्ये नावे चढतात. मूल लहान असेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा पडतो. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान आहे आणि अमुक एक माणूस त्याचा पालनकर्ता आहे, एवढाच त्याचा अर्थ. अठरा वर्षे पूर्ण झाली की वयाचा दाखला जोडून अर्ज द्यावा, शेरा कमी होतो. कायद्याने हे ठीकच केले आहे. जमिनीची काळजी घेतली गेली. पण बाप गेला त्या रात्री ते मूल कोणत्या कोपऱ्यात बसले होते, त्यानंतर किती दिवस जेवले नाही, शाळेत बोलेनासे का झाले, यासाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. तो शेरा मनावर पडतो आणि अठरा वर्षे झाली म्हणून आपोआप कमी होत नाही. कित्येकांच्या बाबतीत तो साठाव्या वर्षीही तसाच असतो.

असे प्रसंग या परिसराने थोडे पाहिलेले नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि काळू या नद्यांनी काय केले, ते त्या वेळच्या लहान मुलांच्या आजही डोळ्यांपुढे आहे. २००९ साली मोहन्याचा रेयॉनचा कारखाना बंद पडला. हजारो कामगारांचा पगार थांबला, त्या घरांतील मुलांनी बापाचा उतरलेला चेहरा रोज पाहिला. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीने तर आईबापांना शेवटचे पाहण्याचीही सोय ठेवली नाही. मोठी माणसे रडून मोकळी होतात, चारचौघांत बोलतात. मुलाला बोलावयास शब्दच नसतात. त्याचे दुःख मुके असते.

अशा मुक्या दुःखाला वाट कोणी करून दिली? आपल्या महाराष्ट्रात आणि गोमंतकात ती पुष्कळदा सुराने करून दिली आहे. त्याची तीन उदाहरणे येथे देण्याचा विचार आहे.

पहिले उदाहरण देहूचे. तुकाराम महाराजांचे आईवडील ते सतरा-अठरा वर्षांचे असतानाच गेले. थोरली भावजय गेली, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेला. त्या वयात सारा प्रपंच एकट्याच्या अंगावर पडला. पुढे १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ आला. त्यात पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि मुलगाही गेला. इतके झाल्यावर महाराजांनी काय केले? गावातील मोडकळीस आलेल्या देवळाची दुरुस्ती हाती घेतली. म्हणजे जे काम आज आपल्या गावाने केले, तेच त्यांनी केले. आणि त्यापुढची गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते लगेच पुढे उभे राहून कीर्तन करू लागले नाहीत. आधी पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि जे कीर्तन करीत त्यांच्या पाठीमागे उभे राहून ध्रुपद धरले. ही हकिगत त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवली आहे.

दुःखी माणसाला सुरुवातीला स्वतःचे शब्द सापडत नाहीत. तेव्हा दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची चाल उसनी घ्यावी आणि मागे उभे राहून नुसते झेलावे. आपला सूर मग आपोआप येतो. तुकोबारायांचा तर असा आला की साडेतीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्र तो गात आहे. टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेला म्हणूनच कोणी कमी लेखू नये.

दुसरे उदाहरण गोव्यातील कुर्डी गावचे. १५ जुलै १९०४ रोजी तेथे एक मुलगी जन्मली. तिचे नाव मोगू. आईची एकच इच्छा की मुलीने गाणे शिकावे. त्यापायी आई तिला घेऊन हिंडली आणि एका फिरत्या नाटक मंडळीत तिला ठेविले. १९१४ साली आई वारली. मुलगी दहा वर्षांची. ती नाटक मंडळीही टिकली नाही. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने कामे केली, नाव झाले, पण तेथूनही बाहेर पडावे लागले. प्रकृती बिघडली म्हणून १९१९ च्या सुमारास औषधोपचारासाठी ती सांगलीस आली. आई नाही, कंपनी नाही, शरीर साथ देत नाही. एक शिकविणारे मिळाले, त्यांनीही मध्येच शिकवणी सोडली. उरला तो फक्त रियाज. तेवढा तिने सोडला नाही. एकटीच बसून शिकलेले घोकत राही.

असे सांगतात की, त्या घरावरून जाणारे एक वृद्ध गृहस्थ तो आवाज ऐकून थांबले. ते उपचारासाठीच सांगलीस आलेले होते. त्यांनी तिला शिकविण्यास आरंभ केला. ते गृहस्थ म्हणजे जयपूर घराण्याचे गायनमहर्षी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब. सुमारे दीड वर्ष शिक्षण झाले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. मुलगी त्यांच्या मागे मुंबईस गेली. तेथेही अडथळे आले, शिक्षण तुटले, दुसऱ्या गुरूंकडे जावे लागले, मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे ती शिकली. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला. वीस वर्षे गेली होती. याच त्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांचे वडीलही त्या लहान असतानाच वारले. मोगूबाईंनी एकटीने मुले वाढविली, मैफलींतले मानापमान गिळले, आणि मुलीच्या हाती तोच तंबोरा दिला. किशोरीताईंना २००२ साली पद्मविभूषण मिळाले.

कुर्डी गावाचीही हकिगत ऐकण्यासारखी आहे. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव १९८६ साली गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि विस्थापित गावकरी तेथील सोमेश्वराच्या देवळाशी जमून उत्सव करतात. गाव बुडाले, पण त्या गावाचे नाव ज्या मुलीने आपल्या नावापुढे लावले, तिच्या गाण्यामुळे ते बुडाले नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. रियाज मोगूबाईंचा होता, तो दुसऱ्या कोणी केला नाही. पण रस्त्यावरून जाणारा एक वडीलधारा माणूस थांबला, हेही तितकेच खरे. दुखावलेल्या मुलासाठी असे थांबणारे कोणीतरी लागते.

तिसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. कोल्हापुरास २५ जुलै १९१९ रोजी जन्मलेले राम विनायक फडके. लहानपणीच आई गेली. घरची स्थिती खालावली. गाणे शिकलेला हा मुलगा ऐन उमेदीत मुंबईत आणि पुढे परप्रांतांत कामाच्या शोधात अक्षरशः उपाशीपोटी भटकला. ती कहाणी त्यांनी 'जगाच्या पाठीवर' या आत्मचरित्रात लिहिली आहे. हेच सुधीर फडके, सर्वांचे बाबूजी. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली बाबूजींच्या. वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. त्या वेळी रेडिओची पूजा करून, हार घालून लोक ऐकावयास बसत, असे जुनी माणसे सांगतात. वनवास, वियोग, माता-पुत्रांची ताटातूट हे ज्याने पुस्तकात वाचले त्याची चाल निराळी होते आणि ज्याने घर तुटलेले पाहिले त्याची निराळी. आपले दुःख सरळ सांगण्याचे धैर्य प्रत्येकास होत नाही. ते रामाच्या दुःखात मिसळून गाता येते. ऐकणाराही आपले दुःख त्यातच मिसळतो. २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले, पण रामनवमीस त्या चाली अजून गावोगाव ऐकू येतात.

आता कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली, सामान्य पोराचे काय? याला उत्तर आहे. १९९८ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. बालपणी सोसलेल्या आघातांचा मोठेपणीच्या आजारांशी आणि व्यसनांशी संबंध असतो, असे त्यात डॉक्टरांना आढळले. म्हणजे बालपणाची जखम ही नुसती मनाची बाब नाही. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे २०१३ साली समूहाने गाणाऱ्या तरुणांची तपासणी झाली. एकत्र गाताना त्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी वाढते व एकाच वेळी उतरते, असे दिसले. कारण साधे आहे. ओळ लांबवावयाची तर श्वास सावकाश सोडावा लागतो, श्वास सावकाश सुटला की काळजाची धडधड उतरते आणि सर्वांची ओळ एकच असल्याने सर्वांची धडधड एकदम उतरते. हरिपाठाला बसणाऱ्या आपल्या आजोबांना हे यंत्रावाचून ठाऊक होते. लग्नाच्या मांडवात धवले म्हणणाऱ्या धवलारणीलाही ते ठाऊक आहे. घाबरलेली नवरी तिच्या सुरात शांत होते, ते उगीच नव्हे.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भजन म्हणजे जादूचा अंगारा नव्हे. सुराने गेलेला बाप परत येत नाही आणि झालेला अन्याय पुसला जात नाही. मूल रात्री दचकून उठत असेल, जेवणखाण सोडत असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. त्यात कमीपणा नाही. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. मुलावर घरात वा बाहेर अत्याचार होत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे, आणि अशा वेळी 'घरची गोष्ट घरात' म्हणून गप्प बसणे हे पाप आहे. आईबापांपैकी कोणी नसलेल्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज करण्यास गावातील शिकलेल्यांनी मदत करावी.

मग मंदिराने काय करावे? फार काही नाही. सभामंडप नवा झाला आहे. त्यात संध्याकाळचा अर्धा तास मुलांसाठी मोकळा ठेवावा. टाळांच्या चार जोड्या लहान हातांना पेलतील अशा घ्याव्यात. जे मूल गात नाही, त्याला पखवाजाची कणीक मळावयास सांगावे, वादी ताणताना गठ्ठा धरावयास सांगावे. हाताला काम मिळाले की मूल बसते, बसले की ऐकते, ऐकता ऐकता एके दिवशी ध्रुपद धरते. तू गप्प का, असे कोणी विचारू नये. तुझा बाप असा होता, तसा होता, असे तर कोणी मुळीच म्हणू नये. स्पर्धा नको, नंबर नको, बक्षीस नको. आणि मुलींना मागे ठेवू नये. मोगूबाई ही मुलगीच होती.

देणगीदारांची नावे पाषाणावर कोरली गेली आहेत, ती योग्यच आहेत. त्या पाषाणाशेजारी एखादे मुके मूल टाळ धरून बसले आणि वर्षा-दोन वर्षांनी मोकळ्या गळ्याने गाऊ लागले, तर त्या देणगीचे खरे चीज झाले असे समजावे. सातबाऱ्यावरचा शेरा तलाठ्याच्या दप्तरी अर्ज दिला की कमी होतो. मनावरचा शेरा कमी करण्याचे दप्तर मात्र येथे आहे, या मंडपात. त्याला मुद्रांक लागत नाही. शेजारी बसणारे एक वडीलधारे माणूस लागते.

असे माणूस गावातील प्रत्येक मुलास लाभो, हीच देवाच्या चरणी प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे करण्यात येत आहे.

॥ रामकृष्णहरी ॥