वही तिची, फोटोही तिचाच
(वर्धापनदिनानिमित्त महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही जरा कडू बोलणार आहोत. रात्री आपल्याच गल्लीतल्या एखाद्या घरातून रडणं ऐकू येतं आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा?' असं म्हणतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते, की पत्नीने नवऱ्याची दासी नव्हे, तर बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे. आपण ते किती पाळले?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. पण ताईंनी ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. नवरा संशय घेऊन मारायचा, हे तर पुस्तकातही नाही. ते त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ही मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादाबरोबर छापली गेली. समाजाचं दुःख निर्भीडपणे मांडणाऱ्या बाईलाही घरातला मार बोलायला इतकी वर्षं लागली! मग आपली शेजारीण गप्प राहिली, तर नवल काय?

म्हणून आमच्या महिला मंडळात आम्ही कोणाला 'काय झालं ते सांग' असं विचारत नाही. हातात वही देतो. 'मी' म्हणून जमत नसेल, तर 'एक बाई होती' म्हणून लिही. कविता कर, न पाठवायचं पत्र लिही. लिहिता येत नसेल, तर तू बोल, आम्ही लिहून घेऊ. आपल्या थेरींनीही स्वतःचं दुःख आणि स्वतःची सुटका स्वतःच्याच गाथांतून सांगितली आहे.

कॅमेऱ्याचेही तसेच. १९९० नंतरच्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलीन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्याच हाती कॅमेरे दिले. या पद्धतीला 'फोटोव्हॉइस' म्हणतात. पुढे घरात मार खाल्लेल्या स्त्रियांबरोबरही ती वापरली गेली. फोटोत चेहरा हवाच असे नाही. दाराची कडी, फुटलेली बांगडी, रिकामा डबा, एवढंही पुरे. बाईने स्वतः काढलेला फोटो समोर ठेवला, की ती त्याविषयी बोलू लागते.

पण बायांनो, जपून! मोबाईल नवरा तपासत असेल, तर त्यात काही ठेवू नका. कोणाचाही फोटो वा मजकूर तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दाखवायचा नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही.

आणि वही म्हणजे संरक्षण नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात नुसती मारहाणच नाही, तर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही धरली आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, १८१ वर फोन करा. मार लागला असेल, तर दवाखान्यात नोंद करून घ्या.

शेवटी विहार समितीला एकच मागणी आहे. आम्हाला कुलूप लागणारं एक कपाट द्या. आमच्या वह्या आणि फोटो त्यात राहतील, किल्ली मंडळाकडे राहील. बेबीताईंना वीस वर्षे लपवावं लागलं. आमच्या लेकी-सुनांना एक दिवसही लपवावं लागू नये! आणि बंधूंनो, पुढच्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवू नका. उठा आणि दार वाजवा!

जय भीम! नमो बुद्धाय!