दवाखान्यांत आपलें काय काम ?

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनीं, १० मार्च रोजीं, गांवच्या शाळेपुढील पटांगणांत एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



गेला पंधरवडाभर आम्ही घरोघर फिरून एक विनंती करीत आहोंत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यांतून एक दिवस आपल्या गांवच्या चार माणसांनीं जावें आणि तेथें येणाऱ्या रोग्यांच्या मदतीला उभें राहावें, एवढीच ती विनंती. तीवर बहुतेक घरीं एकच सवाल निघाला : “मास्तर, तिथं डागदर हाय, नर्स हाय; आपलं काय काम तिथं ?” सवाल रास्त आहे. त्याचें उत्तर नुसत्या “सेवा करा, पुण्य लागेल” या बोलण्यानें होणार नाहीं. पुण्याचे व्यापारी आपल्याकडे पूर्वीच पुष्कळ होऊन गेले.

आम्ही पांच जण वर्षभर दर शनिवारीं तेथें जात आलों आहोंत. त्यांत दोघे शिक्षक, एक सुतार, एक शेतकरी आणि त्यांची कारभारीण. शनिवारीं शाळा सकाळची असते, म्हणून आम्ही शिक्षक दुपारीं पोंचतों. बाकीचे तिघे सकाळच्या एस. टी. नें पुढें जातात. पहिल्याच महिन्यांत आमच्या ध्यानांत आलें कीं, रोगी आजाराइतकाच दवाखान्याच्या पाट्यांनीं हैराण होतो. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, क्ष-किरण कक्ष, भांडार कक्ष ! ही भाषा कोणाची आणि कोणासाठीं ? शाळेंत मुलांना ‘क्ष’ हें अक्षर मुळाक्षरांच्या अगदीं शेवटीं शिकवावें लागतें, आणि सत्तर वर्षांच्या म्हातारीनें मात्र तें दारावर पाहतांच ओळखावें अशी अपेक्षा ! मंत्र आपल्याला कळूं नयेत म्हणून संस्कृतांत ठेवले होते. दवाखान्याच्या भिंतीवर तें संस्कृत कशाला?

एका शनिवारीं अशीच एक आजी एका बंद दारापुढें पाय पसरून बसलेली दिसली. पाय सुजलेला, टांच चिघळलेली. आम्हीं विचारलें, “आजी, इथं कां बसलां ?” ती म्हणाली, “समदी दारापुढं बसल्याती, म्हनून म्याबी बसले, बाबा. नंबर यील आता.” सकाळीं आठांपासून ती तेथें होती. त्या दाराआड फिनेलचे डबे आणि मोडक्या खाटा होत्या. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्यापुढें रोग्यांची रांग लागलेली होती, आणि म्हातारी रांगेंत नाहीं हें त्यांना कळावें तरी कसें? ती मधुमेहाची रोगी निघाली. आणखी कांहीं दिवस अशीच कोठल्या तरी दारापुढें बसली असती तर पाय कापावा लागला असता, असें डॉक्टर बोलले. तिच्यासाठीं आम्हीं काय केलें ? कागद वाचला, हाताला धरलें आणि चाळीस पावलें चाललों. एवढें काम करायला ज्याला पाटी वाचतां येते तो कोणीही पुरे.

वाचणाऱ्याच्या हातीं आणखीही बरेंच असतें. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार फुकट झाले आहेत. तरी फाटकापाशीं उभें राहून “नंबर लावून देतों, शंभर काढा” म्हणणारा कोणी तरी भेटतोच, आणि आपला माणूस कमरेची पिशवी सोडतोच. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांचेंही तसेंच. त्यांनीं शंभरांतल्या दहा खाटा निर्धन रोग्यांस फुकट आणि दुसऱ्या दहा दुर्बळ घटकांतील रोग्यांस सवलतीनें द्याव्यात, अशी योजना मुंबई हायकोर्टानें २००६ सालीं घालून दिली. किती शेतकऱ्यांना हें ठाऊक आहे ? बैल विकून बिल भरल्यावर ठाऊक होऊन उपयोग नाहीं.

आतां आजच्या दिवसाविषयीं. १८९७ सालीं याच तारखेला सावित्रीबाई पुण्यांत प्लेगनें वारल्या. १८९६ सालीं मुंबईंत उघडकीस आलेली सांथ पुण्यांत पोंचली होती. लोक घरांत रोगी लपवीत, कारण दवाखान्यांत नेलेला माणूस परत येत नाहीं अशी समजूत होती. सावित्रीबाईंनीं, डॉक्टर होऊन लष्करांत नोकरी करणारे आपले दत्तक चिरंजीव यशवंतराव यांना बोलावून घेतलें, आणि गांवाबाहेर ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठीं दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका मुलाला गांठ आल्याचें कळतांच त्यांनीं त्याला पाठीवर घेतलें आणि दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांना लागण झाली. वय सहासष्ट वर्षांचें.

ही हकीकत आपण दरसाल ऐकतों, हार घालतों आणि घरीं जातों. आम्हांला तींत एक गोष्ट विशेष वाटते. सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या; त्या मास्तरीण होत्या. औषधोपचार यशवंतरावांनीं केला. पण झोंपडीपासून दवाखान्यापर्यंतचें अंतर मास्तरणीनें तोडलें. हीं दोन कामें निराळीं आहेत. पहिल्या कामासाठीं सरकार कमीअधिक का होईना पगार देऊन माणसें नेमतें. दुसरें काम आजही बव्हंशीं रिकामें पडलें आहे, आणि गरिबाचा जीव जातो तो पुष्कळदां त्या मधल्या अंतरांत जातो. साप चावलेला माणूस आधीं मांत्रिकाच्या ओट्यावर दोन तास काढतो आणि मग दवाखान्यांत येतो. तेव्हां विषावरची लस कपाटांत असूनही कधीं कधीं उपयोगी पडत नाहीं. मण्यारीचें विष कांहीं मंत्रासाठीं थांबत नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर शिकलेले आहेत, आम्ही अडाणी काय करणार ? तर १९७१ सालची गोष्ट ऐका. बांगला देशाच्या युद्धाच्या वेळीं लाखों निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. बनगांवच्या दवाखान्यांत पटकीचे रोगी जमिनीवर ओळीनें पडलेले, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलेलें. डॉ. दिलीप महालनाबिस यांनीं साखर, मीठ आणि सोडा पाण्यांत कालवून त्याचीं पिंपें भरून ठेवलीं आणि रोग्यांच्या आया, भाऊ, शेजारी यांच्याच हातीं पेले दिले : पाजीत राहा, थांबूं नका. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या घरांत होतें, तें शेंकडा ४ च्या खालीं आलें. पेला धरणाऱ्या त्या हातांत किती जणांना सही करतां येत होती, हें कोणी विचारलें नाहीं. तेंच पाणी आपल्या चुलीपाशीं होतें : एक लिटर उकळून गार केलेलें पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जमलेल्या बायांनीं हें माप पाठ करूनच घरीं जावें. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात, म्हणून चमचा सपाटच हवा.

बंगाल दूर वाटत असेल तर नगर जिल्ह्यांतील जामखेड पाहा. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानें तेथें काम मांडलें. त्यांनीं गांवोगांवच्या बाया निवडून आणविल्या. त्यांत दलित बाया पुष्कळ, निरक्षर बायाही पुष्कळ. बाळाचें वजन करणें, गरोदर बाईची देखभाल, सुरक्षित बाळंतपण, जुलाबावरचें पाणी हें सारें त्या शिकल्या. ज्या बाईला पूर्वी उंबऱ्याबाहेर उभें करीत, तिलाच अडलेल्या सुनेसाठीं पाटलाच्या वाड्यांत बोलावणें येऊं लागलें. पुढें तें काम पाहण्यास देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला आले.

आतां एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. ‘सेवा’ या शब्दाला आपण बहुजनांनीं जरा जपून हात लावावा. सेवा हाच तुझा धर्म, असें सांगून महाराला, मांगाला, चांभाराला आणि कुणब्याला शेंकडों वर्षें फुकट राबविलें. आजही २००५ पासून गांवोगांव ज्या ‘आशा’ बाया नेमल्या, त्यांना कागदावर स्वयंसेविकाच म्हणतात. रात्रीं दोन वाजतां बाळंतिणीबरोबर गाडींत बसायचें, घरोघर फिरून याद्या करायच्या, आणि पगार मागितला कीं ऐकायचें : बाई, तुम्ही तर स्वयंसेविका ! त्यांच्या हक्काच्या मागणीला आमचा पाठिंबा आहे, आणि आपल्या फुकट मदतीचें निमित्त करून कोणी त्यांचा घांस काढूं लागलें तर आम्ही त्याच दिवशीं दवाखाना सोडूं.

हें नुसतें बोलणें नाहीं. एका दवाखान्यांत झाडूवाल्याची जागा कित्येक महिने रिकामी होती. आम्हांला पाहून तेथील एक बाबू म्हणाले, “तुम्ही आलांच आहांत, तर वॉर्डही झाडून घ्या.” रोगी घाणींत पडलेले, आम्हीं झाडू हातीं घेतला. आमच्यांतील एकाचा हात मात्र झाडूकडे जाईना. तो जातीनें कोण हें आम्ही सांगत नाहीं. तो या सभेंतच बसला आहे, आणि आतां आमच्याहून बरा झाडतो. पण त्याच संध्याकाळीं आम्हीं चाळीस सह्यांचा अर्ज वरच्या कचेरींत दिला : रिकामी जागा भरा, आणि एकाच जातीच्या माणसाची वाट पाहत बसूं नका. पुढच्या शनिवारीं आम्हीं झाडलें नाहीं. झाडण्याची लाज कोणी वाटून घेऊं नये. पण जें काम पगाराचें आहे तें पगारी माणसाकडेंच राहिलें पाहिजे.

मग स्वयंसेवकानें काय करावें ? वाचून दाखवावें, वाट दाखवावी, ज्याला कोणी नाहीं त्याच्यापाशीं बसावें, रक्त लागल्यास माणूस उभा करावा. रक्ताविषयीं भीति पुष्कळ आहे. अठरा वर्षांवरील निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनीं आणि बाईला चार महिन्यांनीं पुन्हां रक्त देतां येतें, आणि त्यानें नांगर धरण्याची ताकद जात नाहीं. स्वयंसेवकानें औषध सुचवूं नये, सुईला हात लावूं नये, मोबाइलवर रोग्याचा फोटो काढूं नये. आणि तेथें जें कळलें तें पारावर बोलूं नये. हें शेवटचें सर्वांत अवघड, हें आम्ही जाणतों.

क्षयाचें उदाहरण घ्या. एका कारागिराला क्षय झाला. साधारण सहा महिने औषध घ्यावें लागतें. दुसऱ्या महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतें, आणि माणूस गोळ्या बंद करतो. मग रोग उलटतो, आणि असा उलटलेला रोग कधीं कधीं साध्या गोळ्यांना दाद देत नाहीं. या माणसाच्या घरीं लग्नाची मुलगी. आजार फुटला तर स्थळ मोडेल ही धास्ती. गोळी गिळलेली रोज कोणी तरी डोळ्यांनीं पाहणें जरूर होतें. आम्ही मुलाचा अभ्यास घेण्याच्या निमित्तानें रोज संध्याकाळीं त्या घरीं जात असूं. नोव्हेंबर २०२४ पासून क्षयाच्या रोग्याला उपचार चालू असतांना आहारासाठीं दरमहा १,००० रुपये मिळतात. त्याचें बँकेचें खातें आधाराला जोडलेलें नव्हतें, तेंही जोडून दिलें. सहा महिन्यांनीं थुंकी तपासली ती साफ निघाली. मुलगा गणितांतही पास झाला, हा फायदा वेगळाच ! तो माणूस कोणत्या गांवचा, हें विचारूं नये.

बायकांच्या वॉर्डांत पुरुषांचा कांहीं उपयोग नाहीं, म्हणून आम्हांला बाया पाहिजेत. अंगावरून जातें हें बाई पुरुष-मास्तराला सांगणार नाहीं. दुसऱ्या बाईला सांगेल. येथें बसलेल्या सासूबाईंना आमची हात जोडून विनंती आहे कीं, महिन्यांतून एक शनिवार सुनेला मोकळी करावी आणि त्या दिवसाची चूल स्वतः पेटवावी. घरचे दादले काय म्हणतील याची काळजी आम्ही करूं. त्यांतले निम्मे आमच्या हाताखालून गेलेले आहेत.

सोळा माणसें झालीं कीं महिन्याला एकाच्या वांट्याला साधारण एकच दिवस येतो. खुरपणी-काढणीच्या दिवसांत वाराची अदलाबदल करतां येईल. सुताराच्या, लोहाराच्या, न्हाव्याच्या घरांतूनही नांवें यावींत, नुसतीं जमीनवाल्यांचीं नकोत. मागासांच्या वस्तींतून तीन नांवें आधींच आलीं आहेत. नांव शाळेंत वहींत लिहावें. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें तोंडीं सांगावें. एस. टी. शनिवारीं सकाळीं सवासातला फाट्यावर येते. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानें द्यावयाचे आहेत. ज्याला जड जात असतील त्यानें आदल्या दिवशीं आम्हांला सांगावें. भाकरी मात्र दोन माणसांची बांधून आणावी. बरोबर कोणी नसलेला रोगी तेथें दर वेळीं भेटतो.